‘सामानाची जबाबदारी आमची नाही’ : लॉजवरची ही पाटी कायद्यात किती टिकते?

भुसावळ स्टेशनाजवळचं लॉज असो, धुळ्याला महामार्गावरचं हॉटेल असो की जळगावातलं मंगल कार्यालय, काउंटरच्या मागे एक पाटी बहुधा दिसतेच : ‘आपल्या मौल्यवान वस्तू आपण सांभाळाव्यात. हरवल्यास व्यवस्थापन जबाबदार राहणार नाही.’ लग्नसराईत दागिन्यांची पर्स गेली, पार्किंगमधून गाडी गेली, की मालक या पाटीकडे बोट दाखवतो आणि पाहुणा हात हलवत पोलीस ठाण्याची वाट धरतो. उलट बाजूला एखाद्या पाहुण्याने बिल थकवलं की मालक त्याची बॅग काउंटरमागे ओढून ठेवतो आणि हा आपला हक्कच आहे असं समजतो.

दोघांचाही समज बऱ्याच अंशी चुकीचा आहे. पाटीला मालक समजतात तेवढं वजन नाही, आणि बॅग अडवायचा हक्कही त्यांना वाटतो तेवढा भक्कम नाही. दोन्ही प्रश्नांची उत्तरं मुख्यतः भारतीय करार अधिनियम, १८७२ या जुन्या कायद्यात सापडतात.

सगळं ठरतं ते ताब्यावरून

एसटी स्टँडबाहेर वाहनतळावर तुम्ही मोटरसायकल लावता, माणूस तुम्हाला चिठ्ठी देतो आणि परत येताना चिठ्ठी बघूनच गाडी सोडतो. आठवडे बाजाराच्या दिवशी तीच गाडी तुम्ही एखाद्या दुकानासमोरच्या लिंबाखाली लावून जाता. दोन्ही ठिकाणी गाडी दुसऱ्याच्या जागेत उभी आहे. पण पहिल्या ठिकाणी तुम्ही ती कोणाच्या तरी हवाली केलीत, दुसऱ्या ठिकाणी नुसती उभी केलीत.

ठरावीक कामासाठी वस्तू दुसऱ्याच्या हवाली करायची आणि काम झालं की ती परत घ्यायची, या व्यवहाराला कायद्यात ‘निक्षेप’ म्हणतात (कलम १४८). त्यासाठी लेखी करार लागत नाही आणि पैसेही द्यावे लागत नाहीत. काउंटरवर बॅग ठेवून टोकन घेतलं, गाडीची किल्ली हॉटेलच्या माणसाच्या हातात दिली, दागिन्यांचा डबा तिजोरीत ठेवायला दिला, की निक्षेप झाला. इथून पुढे ती वस्तू सांभाळणं आणि परत देणं ही घेणाऱ्याची जबाबदारी.

म्हणून हॉटेलातून काही गेलं की आधी एकच गोष्ट तपासायची : ती वस्तू त्या क्षणी कोणाच्या ताब्यात होती? काउंटरच्या तिजोरीतली, खोलीतल्या कपाटातली, पाहुण्याने स्वतः लावून किल्ली खिशात ठेवलेल्या गाडीतली आणि लग्नाच्या स्टेजवर खुर्चीखाली ठेवलेली, या चार वस्तूंची चार वेगळी उत्तरं येतात.

काळजी घ्यायची म्हणजे किती?

इंग्लंडमध्ये जुन्या काळापासून सराईवाल्यावर फार कडक नियम होता. पाहुण्याचं सामान सराईच्या हद्दीत आलं आणि गेलं, तर दोष कोणाचा हे न बघता सराईवाल्याने भरून द्यायचं. पुढे संसदेने त्याला मर्यादा घातल्या; १९५६च्या कायद्याने एका वस्तूला ५० पौंड आणि एका पाहुण्याला एकूण १०० पौंड अशी कमाल रक्कम ठरवली, आणि वाहनं त्यातून वगळली.

आपल्याकडे तसा ठरावीक आकडा नाही. बँक लॉकरच्या बाबतीत रिझर्व्ह बँकेने वार्षिक भाड्याच्या १०० पट अशी जबाबदारी ठरवली आहे, तिचा हॉटेलशी संबंध नाही. आपल्याकडे कलम १५१ लागू होतं : सामान्य समजूतदार माणूस त्याच परिस्थितीत, तेवढ्याच आकाराच्या, प्रतीच्या आणि किमतीच्या स्वतःच्या वस्तूची जेवढी काळजी घेईल, तेवढी काळजी. आणि कलम १५२ सांगतं की वेगळा करार नसेल तर एवढी काळजी घेऊनही वस्तू गेली, खराब झाली, तर सांभाळणारा जबाबदार नाही.

यात ‘तेवढ्याच किमतीच्या’ हे शब्द महत्त्वाचे. कपड्यांची बॅग काउंटरमागे उघड्यावर ठेवणं चालून जाईल. जळगावच्या सराफ बाजारात आलेल्या व्यापाऱ्याने ‘यात माल आहे’ असं सांगून दिलेली पिशवी त्याच जागी ठेवली, तर ती काळजी पुरेशी नाही. कोणीही शहाणा माणूस स्वतःचं सोनं तिथे ठेवणार नाही. याच कारणाने पाहुण्याने किंमत लपवणंही त्याच्याच अंगाशी येतं. आत काय आहे हे ज्याला माहीत नाही, त्याच्याकडून सोन्याला साजेशी काळजी कशी मागणार?

इथे अनेक छोटे मालक म्हणतात, हे सगळं मोठ्या शहरातल्या पंचतारांकित हॉटेलांना, आमचं आठ खोल्यांचं लॉज आहे. कलम १५१ तारे मोजत नाही, ते परिस्थिती बघतं. आठ खोल्यांच्या लॉजकडून कोणी सशस्त्र पहारेकऱ्याची अपेक्षा करणार नाही. चालणारी कडी, ठिकाणावर असलेल्या डुप्लिकेट किल्ल्या आणि रात्री काउंटरवर जागा असलेला माणूस, एवढी मात्र करेल.

१९९८ची चोरी, २०१९चा निकाल

या विषयावरचा आज सर्वात महत्त्वाचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १४ नोव्हेंबर २०१९ रोजी दिला : ताज महाल हॉटेल विरुद्ध युनायटेड इंडिया इन्शुरन्स कंपनी. प्रकरण दिल्लीतल्या हॉटेलचं होतं. १ ऑगस्ट १९९८च्या रात्री एका ग्राहकाने आपली मारुती झेन हॉटेलच्या माणसाच्या हवाली केली, किल्ली दिली आणि तो आत गेला. गाडी लावायला हॉटेलचा माणूस घेऊन जातो ती ही ‘व्हॅले पार्किंग’ची पद्धत. बाहेर आल्यावर त्याला कळलं की गाडी दुसरंच कोणीतरी घेऊन गेलं आहे. दुसऱ्या गाडीतून आलेल्या तीन मुलांपैकी एकाने डेस्कवरची किल्ली उचलली आणि पहारेकऱ्याने अडवायचा प्रयत्न करेपर्यंत झेन निघून गेली.

विमा कंपनीने मालकाला २,८०,००० रुपये दिले आणि मग ती रक्कम वसूल करायला हॉटेलवर दावा लावला. (विमा मिळाला की विषय संपला असं हॉटेलवाले समजतात. संपत नाही, पैसे दिलेली कंपनी ग्राहकाच्या जागी उभी राहून हॉटेलकडे येऊ शकते.)

हॉटेलचा बचाव पार्किंगच्या टोकनवर छापलेल्या अटीचा होता : गाडी पाहुण्याच्या विनंतीवरून, त्याच्याच जोखमीवर लावली आहे, चोरी किंवा नुकसान झाल्यास व्यवस्थापन जबाबदार नाही. न्यायालयाने तो मानला नाही आणि काही गोष्टी स्पष्ट केल्या. इंग्लंडचा जुना कडक नियम जसाच्या तसा भारतात लागू नाही, म्हणजे दोष नसतानाही हॉटेलने भरावंच असं नाही. पण गाडी ताब्यात घेतल्यावर ती परत देता आली नाही, तर प्रथमदर्शनी हॉटेलच जबाबदार धरलं जाईल, आणि आपण निष्काळजी नव्हतो हे हॉटेलने दाखवायचं. स्वतःच्या किंवा नोकरांच्या निष्काळजीपणातून छापील अट घालून सुटता येणार नाही. आपली काळजी सिद्ध झाल्यावरच त्या अटीचा विचार होईल, आणि नुकसान त्या अटीत बसतं हेही हॉटेलनेच सिद्ध करायचं.

मालकांनी यातला किल्लीचा भाग नीट वाचावा. किल्ल्या डेस्कवर, येणाऱ्याजाणाऱ्याच्या हाताला लागतील अशा, हे त्या रात्रीचं मूळ दुखणं होतं. आजही गाड्यांच्या किल्ल्या काउंटरवरच्या ताटलीत किंवा खिळ्यांच्या फळीवर लटकलेल्या असतात. कुलपाचं छोटं कपाट, टोकनाचा अर्धा भाग किल्लीला आणि अर्धा पाहुण्याकडे, गाडी सोडताना दोन्ही जुळवून नोंदवहीत वेळ आणि सही, याला फारसा खर्च नाही.

‘पार्किंग तर फुकट होतं’ हा बचावही फार चालत नाही. कलम १५१ सगळ्या निक्षेपांना लागू आहे, मोबदल्याच्या आणि बिनमोबदल्याच्याही. शिवाय खोलीचं भाडं आणि जेवणाचं बिल घेणाऱ्याने पार्किंग फुकट दिलं, असं म्हणण्यात अर्थ नाही. ती सोय त्याच बिलात आलेली असते.

पाहुण्याने स्वतः गाडी लावली आणि किल्ली स्वतःकडे ठेवली, तर चित्र बदलतं. गाडी हवाली केलेली नाही, म्हणून निक्षेप नाही. तिथे हॉटेलची चूक दाखवायची जबाबदारी पाहुण्यावर येते : फाटकावर माणूस आहे असं सांगितलं होतं पण नव्हता, चिठ्ठी न बघता गाडी सोडली, अशी.

‘पाटी तर भिंतीवर होती ना?’

१९४९ साली इंग्लंडच्या अपील न्यायालयाने ओली विरुद्ध मार्लबरो कोर्ट या खटल्यात पाटीची परीक्षा केली. हॉटेलात राहणाऱ्या बाई बाहेर जाताना खोलीची किल्ली रिसेप्शनच्या फळीवर टांगून गेल्या. कोणीतरी ती किल्ली उचलून खोली उघडली आणि फरचे कोट व दागिने नेले. ‘मॅनेजरकडे ठेवायला दिल्याशिवाय हरवलेल्या वस्तूंना आम्ही जबाबदार नाही’ अशी सूचना खोलीत लावलेली होती. न्यायालय म्हणालं, करार खाली रिसेप्शनवर झाला, सूचना नंतर वर खोलीत दिसली; झालेल्या करारात नंतर अट घुसवता येत नाही. हॉटेल हरलं.

हा निकाल इंग्लंडचा असला तरी त्यातलं तत्त्व आपल्याकडेही चालतं. अट करार होण्याआधी किंवा होताना समोरच्याच्या नजरेस यायला हवी. काउंटरवर, नोंदणी अर्जात सहीच्या लगेच वर, पाहुण्याला वाचता येईल अशा भाषेत आणि अक्षरात असलेल्या अटीला थोडं वजन आहे. दाराच्या मागच्या पाटीला जवळजवळ नाही. आणि वरच्या अटीलाही निष्काळजीपणा झाकता येत नाही, हे २०१९च्या निकालाने पक्कं केलं आहे.

पाटीचा खरा उपयोग वेगळा आहे. ‘मौल्यवान वस्तू काउंटरवर पावती घेऊन तिजोरीत ठेवाव्यात, सोय उपलब्ध आहे’ अशी पाटी असेल आणि पाहुण्याने सोय वापरली नसेल, तर मालकाला ‘आम्ही काळजीचा मार्ग दिला होता’ असं सांगता येतं. ‘जबाबदार नाही’ या पाटीपेक्षा ही पाटी मालकाच्या कितीतरी जास्त कामाची आहे.

बंद खोलीतून गेलं तर

हा भाग सर्वात वादाचा. खोलीची किल्ली पाहुण्याकडे असते, पण मास्टर किल्ली हॉटेलकडे आणि झाडणारा-पुसणारा रोज आत जातो. सामान हॉटेलच्या हातात दिलेलं नाही, तरी सुरक्षित खोली पुरवणं हा सेवेचाच भाग आहे. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मध्ये याला ‘सेवेतील त्रुटी’ म्हणतात. त्रुटी दाखवायला ठोस गोष्टी लागतात : कडी ढिली असल्याची तक्रार आधी केली होती, कुलूप न तोडता दार उघडलं गेलं, डुप्लिकेट किल्ली कोणाकडे होती याची नोंद नाही, बाहेरच्या माणसाला नाव न विचारता वर सोडलं.

कार्डने उघडणाऱ्या दारांत बहुतेक वेळा कोणतं कार्ड किती वाजता लागलं याची नोंद कुलपातच राहते. चोरी झाली की पाहुण्याने ती नोंद लेखी मागावी आणि मालकाने स्वतःहून काढून ठेवावी, कारण ती त्यालाही वाचवू शकते. पितळी किल्लीच्या जुन्या लॉजवर हे काम मास्टर किल्लीच्या वहीने करायचं : कोणी नेली, कोणत्या खोलीसाठी, किती वाजता परत दिली.

पाहुण्याचा निष्काळजीपणाही मोजला जातो. दार उघडं टाकून खाली नाश्त्याला जाणारा, खोलीची किल्ली अनोळखी माणसाकडे देणारा, लॉकर असताना हार टेबलावर ठेवणारा, यांची भरपाई कमी होते किंवा नाकारली जाते. रोख रकमेचे दावे तर बहुतेक पुराव्याअभावीच पडतात. ‘बॅगेत दोन लाख होते’ हे बँकेच्या त्याच दिवशीच्या नोंदीशिवाय कोण मानणार?

दागिने काउंटरवर देताना

पावतीशिवाय देऊ नका आणि पावतीशिवाय घेऊ नका. पावती अशी असावी : ‘खोली २०४. एक निळी कापडी पिशवी, तोंड शिवून मोहोरबंद. मोहोरेसह वजन ६४० ग्रॅम. आत सोन्याचे दागिने असल्याचं पाहुण्याने सांगितलं. अंदाजे किंमत पाहुण्याच्या म्हणण्यानुसार. आम्ही उघडून पाहिलेलं नाही. परत घेताना ही पावती आणि ओळखपत्र दाखवणं आवश्यक.’ खाली तारीख, वेळ, दोघांच्या सह्या. पाकीट असेल तर चिकटवलेल्या जोडावर दोघांनी अर्धी कागदावर, अर्धी झाकणावर येईल अशी सही करायची.

वजनाला महत्त्व आहे. मोहोर शाबूत, वजन तेवढंच, तर ‘आतली एक बांगडी गेली’ हा वाद उठत नाही. दोन्ही बाजू सुरक्षित राहतात.

वस्तू काउंटरवरच द्यायची, ओळखीच्या रूमबॉयकडे नाही. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने स्टेट बँकेच्या एका प्रकरणात हाच मुद्दा ठरवला : ओळखीच्या कर्मचाऱ्याकडे परस्पर रक्कम दिली, बँकेच्या नेहमीच्या पद्धतीने काउंटरवर जमा केली नाही, म्हणून त्याने केलेल्या अफरातफरीला बँक जबाबदार धरली गेली नाही. नोकराने केलेलं प्रत्येक काम मालकाचं होत नाही. त्याच्या नोकरीच्या कामात बसणारंच होतं.

आणखी एक गोष्ट व्यापाऱ्यांसाठी. नमुन्याची पेटी गेली तर पेटीची किंमत मागता येईल. पण ‘त्या नमुन्यांवर मोठी ऑर्डर मिळणार होती’ हा नफा कलम ७३ प्रमाणे सहसा मिळत नाही, कारण पेटी घेताना हॉटेलला त्या ऑर्डरची कल्पना नव्हती.

मंगल कार्यालय आणि ढाबा

लग्नातल्या चोऱ्यांचा राग कार्यालयाच्या मालकावर निघतो, पण ताब्याचा प्रश्न विचारला की बरंच स्पष्ट होतं. वधूच्या खोलीची किल्ली एकदा वधूपक्षाला दिली की आतले दागिने कार्यालयाच्या ताब्यात नसतात. स्टेजवरची आहेराची पिशवी तर कधीच कोणी कार्यालयाला दिलेली नसते. म्हणून अशी पिशवी गेली तर बहुतेक वेळा भरपाईचा दावा उभा राहत नाही. उरतो तो पोलिसांकडचा गुन्हा. कार्यालयाचा दोष तिथे दाखवता येतो जिथे बुकिंगच्या कागदावर पहारेकरी आणि सीसीटीव्ही लिहिलेले आहेत आणि प्रत्यक्षात कॅमेरा बंद होता, किंवा दुसरी किल्ली माळ्याकडे होती आणि कोणी सांगितलं नाही.

बुकिंग करतानाच विचारा : या खोलीच्या किल्ल्या किती आणि कोणाकडे? सगळ्या किल्ल्या लिहून घ्या आणि लिहून परत करा. केटररची माणसं, बँडवाले, फोटोग्राफर हे तुमच्याकडून आलेले असतील तर त्यांच्या वागण्याचा दोष कार्यालयावर टाकता येणार नाही.

धुळ्याजवळ मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग भेटतात, तिथे ढाब्यांवर रात्री ट्रक उभे असतात. जेवायला थांबलेल्या ट्रकमधला माल ढाबेवाल्याच्या ताब्यात येत नाही. पार्किंगचे पैसे घेतले, टोकन दिलं आणि बाहेर जाताना टोकन तपासलं जातं असं दाखवलं, तर मात्र त्याने सांभाळायचं काम अंगावर घेतलं असा युक्तिवाद करता येतो.

बिल थकलं : बॅग अडवता येते का?

पैसे मिळेपर्यंत दुसऱ्याची वस्तू अडवून ठेवण्याच्या हक्काला ‘धारणाधिकार’ म्हणतात. इंग्लंडच्या सराईवाल्याला तो जुन्या रूढीने मिळाला, आणि १८७८च्या कायद्याने सहा आठवड्यांनंतर जाहिरात देऊन लिलाव करण्याचाही. आपल्याकडे अनेक मालक तोच हक्क आपल्यालाही आहे असं धरून चालतात.

करार अधिनियमात दोन प्रकार आहेत. कलम १७० : ज्याने त्याच वस्तूवर श्रम किंवा कसब खर्च केलं, तो त्या कामाच्या पैशांसाठी तीच वस्तू ठेवू शकतो. सोनाराने साखळी जोडली, तर जोडणीचे पैसे मिळेपर्यंत साखळी त्याच्याकडे राहील. हॉटेलने शर्ट धुतले, तर धुलाईपुरते शर्ट, खोलीभाड्यासाठी नाहीत. कलम १७१ : कोणत्याही येणे रकमेसाठी वस्तू अडवण्याचा व्यापक हक्क. तो बँका, आडते, गोदीवाले, उच्च न्यायालयाचे वकील आणि विमा दलाल यांनाच दिला आहे. हॉटेल या यादीत नाही. बाकी कोणाला हवा असेल तर स्पष्ट करार लागतो.

त्या शेवटच्या वाक्यातच मालकाचा मार्ग आहे. नोंदणी अर्जात सहीच्या वर लिहावं : ‘बिल पूर्ण चुकतं होईपर्यंत माझं सामान ताब्यात घेऊन अडवून ठेवण्याचा हक्क हॉटेलला राहील, हे मला मान्य आहे.’ हे नसेल तर बॅग अडवणं धोक्याचं. परत देणं लागत असताना दिली नाही, तर त्यानंतर सामानाचं जे होईल त्याला कलम १६१ प्रमाणे मालकच जबाबदार, पाऊस आला तरी आणि उंदरांनी कुरतडलं तरी. ग्राहक आयोगात ‘त्रुटी’ची तक्रार होते ती वेगळीच.

करार असला तरी अडवणं म्हणजे विकणं नाही. धारणाधिकारात विक्री येत नाही. पाहुण्याने स्वतःहून ‘हे घड्याळ ठेवा, पैसे आणून देतो’ म्हणून वस्तू तारण दिली, तर ते गहाण झालं आणि कलम १७६ प्रमाणे वाजवी मुदतीची नोटीस देऊन विकता येतं. तेही लिहून घ्यायचं : वस्तू, रक्कम, तारीख, सही.

ओळखपत्र अडवू नये. पासपोर्ट ही केंद्र सरकारची मालमत्ता असते. आधारची प्रत घ्यावी, पहिले आठ अंक झाकलेलीही चालते, पण मूळ कार्ड तारण म्हणून ठेवायची सवय सोडावी. औषधं आणि परीक्षेची कागदपत्रंही लगेच द्यावीत; चारशे रुपयांसाठी कोणाची परीक्षा बुडवणं माणुसकीला धरून नाही.

आणि माणसाला अडवायचं नाही. खोलीला बाहेरून कडी लावणं किंवा फाटक बंद करून थांबवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १२६ आणि १२७ खाली गुन्हा आहे. पैसे द्यायचेच नाहीत अशा इराद्याने, खोटं नाव देऊन राहिला असेल तर फसवणुकीचा गुन्हा (कलम ३१८) नोंदवता येतो. पैसे कमी पडले म्हणून थकलं असेल तर ती दिवाणी बाब, दाव्याला ३ वर्षं मुदत आहे. या सगळ्यापेक्षा आगाऊ रक्कम घेणं आणि मुक्काम वाढला की रोज सकाळी हिशेब करणं सोपं.

पाहुणा गेला, सामान राहिलं

राहून गेलेली वस्तू उचलली की कलम ७१ प्रमाणे ती सांभाळायची जबाबदारी येते. ज्याला मिळाली त्याची ती होत नाही. रूमबॉयला चार्जर सापडला आणि त्याने खिशात घातला, तर ती अप्रामाणिक अफरातफर होऊ शकते (न्याय संहिता, कलम ३१४).

एखादा पाहुणा सामान टाकून नाहीसा झाला तर घाईने खोली रिकामी करू नये. हॉटेलातला पाहुणा भाडेकरू नसतो, पण परवानगी संपल्यावर सामान न्यायला त्याला वाजवी वेळ मिळतो (सुविधाधिकार अधिनियम, १८८२, कलम ६३). फोन, संदेश करून पाहावेत. मग दोन साक्षीदारांसमोर, मोबाइलवर चित्रीकरण करत खोली उघडावी, एकेक वस्तू लिहावी, बॅगा मोहोरबंद करून कुलपात ठेवाव्यात, नोंदणीतल्या पत्त्यावर स्पीड पोस्टने पत्र पाठवावं आणि पोलीस ठाण्याला लेखी कळवून पोच घ्यावी. शस्त्र, अमली पदार्थ किंवा मोठी रोकड दिसली तर हात न लावता थेट पोलीस. खोलीत मृत्यू झाला असेल तर पंचनाम्याआधी कुठलीही वस्तू कोणत्याही नातेवाइकाला द्यायची नाही.

कलम १६९ सापडलेली, बाजारात विकली जाणारी वस्तू विकायला परवानगी देतं, पण मालक वाजवी शोध घेऊनही न सापडल्यावर किंवा तो सांभाळण्याचा रास्त खर्च देत नसल्यावर, आणि त्यातही दोनच स्थितींत : वस्तू नासण्याच्या किंवा तिची बहुतेक किंमत जाण्याच्या बेतात असेल, किंवा सांभाळण्याचा खर्च किमतीच्या दोन तृतीयांशापर्यंत गेला असेल. रावेर-सावद्याच्या व्यापाऱ्याने मे महिन्यात केळीच्या नमुन्याचे दोन क्रेट ठेवले आणि तो फोन उचलत नसेल, तर ते पिकून जाण्याआधी विकून रक्कम त्याच्या नावाने जमा ठेवणं योग्य. लॅपटॉपला हे लागू नाही. तो तीन महिने ठेवल्याने नासत नाही.

चोरी कळल्यावर पाहुण्याने काय करावं

खोलीतल्या वस्तू हलवू नका, फोटो काढा. मॅनेजरला तोंडी न सांगता लिहून द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का व वेळ घ्या. त्याच पत्रात सीसीटीव्हीचं चित्रण जपून ठेवायला सांगा. हार्डडिस्क भरली की जुनं चित्रण आपोआप पुसलं जातं, बऱ्याच ठिकाणी पंधरा ते तीस दिवसांत. पुढे ते पुरावा म्हणून वापरायला भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३च्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं, तेही हॉटेलकडून मागा.

परतीची रेल्वे किंवा बस पकडायची असेल तरी तक्रार राहू देऊ नका. हद्द कोणतीही असो, कोणत्याही पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदवून पुढे वर्ग करता येतो. ऑनलाइन तक्रार दिली तर तीन दिवसांत सही करावी लागते (नागरिक सुरक्षा संहिता, कलम १७३). प्रत विनामूल्य मिळते. मोबाइल गेला असेल तर दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’ या संकेतस्थळावरून तो बंद करून घ्या.

भरपाईसाठी जिल्हा ग्राहक आयोग. जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही ठिकाणी आहे. चोरी गोव्याच्या हॉटेलात झाली आणि तुम्ही अमळनेरला राहता, तरी तक्रार जळगावला करता येते. अधिकारक्षेत्र आणि शुल्क नुकसानीवर ठरत नाही, तुम्ही हॉटेलला दिलेल्या रकमेवर ठरतं : ५० लाखांपर्यंत जिल्हा आयोग आणि ५ लाखांपर्यंत शुल्क नाही. म्हणजे १,५०० रुपयांच्या खोलीतून चार लाखांचे दागिने गेले तरी तक्रार जिल्हा आयोगात, बिनशुल्क. मुदत २ वर्षं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५.

सोबत जोडायचं ते एवढं : हॉटेलचं बिल, नोंदणी अर्जाची प्रत, टोकन किंवा पावती, मॅनेजरला दिलेल्या पत्राची पोच, प्रथम खबरी अहवाल, आणि वस्तूची खरेदी पावती किंवा ती अंगावर असलेले जुने फोटो. धर्मशाळेत फुकट राहिला असाल तर मोबदला नसल्याने ग्राहक आयोगाचा रस्ता बहुधा बंद असतो. तिथे करार अधिनियमाखाली दिवाणी न्यायालयात जावं लागतं.